रस्त्यापलीकडचं माहेर

आत्याचा फोन आखाजीच्या आठवडाभर आधी येतो. ती विचारत नाही, कळवते. "मी येस. तू तयार ऱ्हायजो." इतकी वर्षं वरणगावात संसार करूनही तिची अहिराणी सुटलेली नाही, आणि माहेरी जायचं म्हटलं की ती आणखीच घट्ट होते.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे हा लेकींचा सण. आत्या आता ऐंशीला टेकली आहे, गुडघे गेलेत, पण आखाजी तिने कधी सासरी केलेली नाही. तिचं माहेर म्हणजे माझ्या वडिलांचं गाव, पारोळ्याच्या पुढे आणि धुळ्याच्या अलीकडे. वडील गेले. आता तिथे तिचा धाकटा भाऊ, माझे काका असतात. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. मी जळगावला नोकरी करते, त्यामुळे आत्याला वरणगावहून येऊ द्यायचं, रात्री ठेवून घ्यायचं आणि सकाळी धुळ्याच्या बसने गावी न्यायचं, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे.

यंदा नानांनी फोनवर मोठ्या खुशीत सांगितलं होतं, "रस्ता पूर्ण झाला बरं का. आता नुसतं बसायचं आणि उतरायचं."

त्या रस्त्याचं काम आम्ही किती आखाज्या सोसलं ते आम्हालाच माहीत. वळणरस्ते, खडीचे ढिगारे, पुढच्या ट्रकच्या धुळीत बुडालेली बस. पण एक होतं. बस हळूहळू का होईना, जुन्या रस्त्याने गावातून जायची आणि पाराजवळ थांबायची. आत्या उतरली की पाच-सहा जण तरी "अक्का उनी", अक्का आली, म्हणत उठायचे.

मी टॅक्सीचा विषय काढून पाहिला. बंद गाडीत तिला मळमळतं, म्हणून तो तिथेच संपला. शिवाय यंदा तिच्यासोबत खापर होतं. नानांच्या घरचं पुरणाचे मांडे भाजायचं खापर तडकलं, म्हणून तिने ओळखीतल्या कोणाकडून तरी जामनेरच्या बाजारातून नवं मागवलं होतं. पालथ्या घातलेल्या मोठ्या मडक्यासारखं ते मातीचं भांडं तिने जुन्या लुगड्यात बांधलं आणि माझ्या हाती दिलं. "डोकावर घे नहीत मांडीवर घे, पन खाले ठेवू नको," असं बजावलं.

जळगावच्या स्टँडवर लाउडस्पीकरवरून काय सांगतात ते मला आजवर समजलेलं नाही. मी लोकांचे चेहरे बघून बस ओळखते. धुळ्याची बस आली, लोक खिडकीतून रुमाल आणि पिशव्या टाकून जागा धरू लागले, आणि मी एका हाताने आत्या, दुसऱ्या हाताने खापर सांभाळत वर चढले. एका कॉलेजच्या मुलीने उठून आत्याला जागा दिली. मी उभी राहिले.

तिकीट काढताना मी कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं.

"गावात आता एकही गाडी जात नाही, ताई," तो मशीनची बटणं दाबत म्हणाला. "हायवेवर सोडतो."

"हायवेवर कोणत्या बाजूला?"

"बस ज्या बाजूने चालली, त्या बाजूला."

तो उद्धटपणे बोलला नव्हता. खरं तेच सांगत होता. मलाच त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

रस्ता मात्र खरोखर चांगला झाला होता. बस इतकी गुळगुळीत पळत होती की मला स्वतःचीच शरम वाटली, इतकी वर्षं आपण उगाच बोटं मोडली म्हणून. पण आत्या अस्वस्थ होती. दर थोड्या वेळाने विचारायची, "हाई कोनतं गाव?" मी बाहेर बघायची तर गाव नसायचंच. दोन्हीकडे भिंत, किंवा खाली कुठेतरी पत्र्यांची छपरं, आणि वर हिरव्या पाट्या. एरंडोल कधी गेलं ते मला पाटी मागे पडल्यावर कळलं. पारोळ्याला पूर्वी बस थांबायची, पाणी प्यायला उतरता यायचं. आता पारोळं लांबून दिसलं आणि सरलं. पुढे टोलनाक्यावर कोणत्या तरी ट्रकचा टॅग वाचला जाईना, म्हणून सगळी रांग उन्हात उभी राहिली. बसचा पत्रा तापला. गुळगुळीत रस्त्यावर वाचलेला सगळा वेळ आम्ही तिथे परत दिला.

आमचं गाव आलं ते कंडक्टरला आणि मला दोघांनाही उशिरा कळलं. त्याने बेल ओढली, ड्रायव्हरने बरंच पुढे जाऊन बस थांबवली, आम्ही उतरलो आणि बस गेली.

समोर गाव होतं. मारुतीच्या देवळाचा कळस दिसत होता, पाण्याची टाकी दिसत होती, नानांच्या घराजवळचं कडुलिंबाचं झाडसुद्धा दिसत होतं. मध्ये महामार्ग होता. पलीकडे नाना मोटारसायकलला टेकून उभे होते. त्यांनी हात केला, आम्ही हात केला. मग कोणी काहीच करू शकलं नाही.

दुभाजकात कण्हेरीची झाडं आणि त्यांच्यामागे कमरेपेक्षा उंच लोखंडी जाळी. नानांचा फोन आला. तो माणूस मला डोळ्यांनी दिसत होता आणि मी त्याच्याशी फोनवर बोलत होते. जाळीला गावकऱ्यांनी एक वाट पाडली होती, ते म्हणाले, पण तिथे अपघात झाला आणि ती गेल्याच महिन्यात वेल्डिंग करून बंद केली.

"मग लोक जातात कुठून?"

"थोडं पुढे बोगदा आहे. पण त्याच्यात गटाराचं पाणी साचलंय. ट्रॅक्टर जातो. माणूस नाही जात."

"आणि त्याच्या पुढे?"

"पुढे पूल आहे, त्याच्याखालून वळता येतं. पण ते चालत जायचं अंतर नाही. तुम्ही थांबा, मी येतो."

येतो म्हणजे कसे, हे मी विचारलं नाही.

वैशाखाचं ऊन. सावली म्हणून एकच होती, त्या प्रचंड हिरव्या पाटीची. सुरत अमुक किलोमीटर असं सांगणारी ती पाटी जमिनीवर एक चौकोन टाकत होती. मी आत्याला त्या चौकोनात बसवलं. खापर मांडीवर घेऊन ती बसली आणि गावाकडे बघत राहिली. सावली सरकली की आम्हीही सरकायचो.

"गाव दखाई ऱ्हायनं," ती म्हणाली, "पन जावाले रस्ता नई." तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. राग मला येत होता. एवढे डोंगर खणले, एवढं डांबर ओतलं, आणि एका म्हातारीला तिच्या घरासमोरून पलीकडे जायची सोय कोणाच्या नकाशात आली नाही.

खांबावर मदतीचा नंबर लिहिला होता. मी लावला. आधी रेकॉर्ड केलेल्या बाईने भाषा विचारली. मी मराठीचं बटण दाबलं, तर हिंदीत बोलणारा माणूस आला. त्याने विचारलं, आप किस किलोमीटर पर हैं. मी दगडावरचा आकडा सांगितला. अपघात झाला का? नाही. गाडी बंद पडली? नाही, गाडीच नाही.

"फिर इमर्जन्सी क्या है, मॅडम?"

"रस्ता पार करना है."

तो अगदी सभ्यपणे म्हणाला की यासाठी ही सेवा नाही. मी त्याला सांगितलं की माझ्यासोबत ऐंशी वर्षांची बाई उन्हात बसली आहे. त्याने माझी तक्रार लिहून घेतल्याचं सांगितलं, आणि फोन ठेवताच मला त्याच्या सेवेला गुण द्या असा मेसेज आला.

तेवढ्यात नाना दिसले. ते बोगद्याच्या बाजूने, पँट ओल्या चिखलाने माखलेली, आमच्याच कडेने पण उलट्या दिशेने मोटारसायकल चालवत येत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस समोरून अंगावर येणाऱ्या ट्रकांकडे बघत कडेकडेने येत होता. ते पोचले आणि त्यांनी स्टँड लावला न लावला, तोच पिवळा दिवा फिरवत रस्त्यावरच्या गस्तीची जीप आमच्याजवळ येऊन थांबली. मी क्षणभर समजले, माझ्या फोनमुळे आली. ती नानांसाठी आली होती.

"आजोबा, राँग साइडने आलात. कॅमेऱ्यात दिसलं," आतला तरुण खाली उतरून म्हणाला. "पावती फाडावी लागेल. आणि मावशी, इथे बसता येत नाही."

माझा सगळा साठलेला राग त्याच्यावर निघणार होता. मी तोंड उघडलं, पण आत्याने मला हाताने थांबवलं.

"भाऊ," ती बसल्याजागीच म्हणाली, "हाऊ राँग साइडनी उना, मान्य शे. मंग राइट साइड कोनती? माले माहेरले जानं शे. तू सांग, तशी मी जास."

त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. जाळी, बोगदा, पूल. मग तो एकदम अहिराणीत बोलला, "मन्ही माय बी अशीच अडकी जास, अक्का." तो नरडाण्याकडचा निघाला. त्याच्या गावालाही असाच रस्ता आला होता. नोकरी या रस्त्याची आणि आई त्या रस्त्याच्या पलीकडे.

"चला, बसा गाडीत," तो म्हणाला. पावतीचा विषय त्याने परत काढला नाही.

बंद गाडीत न बसणारी आत्या त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली. खिडकी पूर्ण उघडी ठेवायची ही तिची अट होती. मी मागे खापर धरून बसले. नानांना मात्र त्याने सोडलं नाही. आता सरळ दिशेने माझ्या मागे या, म्हणाला. असे आम्ही निघालो, पुढे दिवा फिरवणारी जीप आणि मागे चिखलाने माखलेले नाना, गावाला पाठ करून धुळ्याच्या दिशेने. समोर दिसणाऱ्या घरी जायला आम्ही घरापासून लांब लांब जात होतो. पुलापर्यंत गेलो, त्याच्याखालून वळलो, तेवढंच अंतर परत आलो. आत्या त्याला विचारत होती, लग्न झालं का, आईला काय दुखतं, आखाजीला सुट्टी आहे का. सुट्टी नव्हती.

गाव जवळ आलं तसा सर्व्हिस रोड लागला आणि लगेच संपला. पुढे मुरुमाचा ढीग, त्यापुढे विजेचा खांब, जो हलवायचा राहिला होता. जीप पुढे जाणार नाही म्हणून आम्ही पुन्हा उतरलो. आत्याने त्या तरुणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि संध्याकाळी जेवायला ये म्हणाली. तो हो म्हणाला, पण आला नाही. ड्युटी असणार. ती नानांच्या मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसली, ढिगाला वळसा घालून गावात शिरली, आणि मी मुरुमातून, मातीचं भांडं छातीशी धरून, चालत मागून गेले.

घरी पोचल्यावर माझं डोकं दुखत होतं. मी नानांना म्हटलं, अर्ज करा, सह्या घ्या, वरपर्यंत जा. नाना म्हणाले, अर्ज केलाय. माणसं आली, मोजमाप झालं, चहा घेऊन गेली. जागा मंजूर आहे, पूल मंजूर नाही, असं काहीतरी सांगितलं. मला तो फरक समजला नाही आणि नानांनाही समजलेला नव्हता.

अंगणात मात्र वेगळंच चाललं होतं. आत्या आल्या-गेल्या प्रत्येकीला जीपची गोष्ट सांगत होती. पहिल्यांदा सांगितली तेव्हा पोरगा नरडाण्याकडचा होता, तिसऱ्यांदा सांगेपर्यंत तो लांबच्या नात्यात निघाला होता. बाया हसत होत्या. मला त्या हसण्याचाही वैताग आला. दुपारी ती उन्हात पाटीखाली बसली होती, आणि संध्याकाळपर्यंत त्याची करमणूक झाली. मी तसं बोललेही. आत्या म्हणाली, "मंग काय रडत बसू? मी उनी ना?" माझा वैताग त्याने गेला नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या खापरावर मांडे झाले, रस झाला, कडुलिंबाच्या झोक्यावर मुलींनी गौराईची गाणी म्हटली. आत्या बसून प्रत्येक मांडा मोठा की लहान यावर मत देत होती.

परतीला बाजू आमच्याच हाताची होती. जळगावकडे जाणाऱ्या गाड्या गावाच्या अंगाने जातात. मला वाटलं, आता तरी सोपं आहे. आम्ही कडेला उभे राहून हात केला. पहिली बस गेली, दुसरी गेली, तिसरी तर आमच्या पदरांना वारा घालून गेली. त्या वेगात हात दिसतच नसावा. शेवटी नानांनी रिक्षा आणली आणि आम्ही पूर्वेला जायचं म्हणून आधी पश्चिमेला धुळ्याला गेलो, स्टँडवरून जळगावची बस धरली आणि तोच रस्ता पुन्हा तुडवत निघालो.

गाव येतंय असं वाटल्यावर मी आत्याला उठवलं. नाना रस्त्याच्या कडेला थांबणार होते, तसं त्यांनी बजावून सांगितलं होतं. ती खिडकीशी सरकली, पदर सावरला. मी कंडक्टरला म्हटलं, जरा हळू घ्यायला सांगता का. तो म्हणाला, मागून गाड्या येतात ताई. एक पांढरी टोपी आणि वर उचललेला हात सर्रकन मागे गेला. आत्याने हात केला तेव्हा समोर नुसतं केळीचं शेत होतं.

"दखायना का तुले?" तिने विचारलं.

"दिसले ना."

ती म्हणाली, "जरासा धीरे जाता त काय बिघडतं?" आणि खिडकीची काच ओढून घ्यायला लागली. ती काच अर्ध्यातच अडकली होती. आम्ही दोघींनी मिळून ओढून पाहिली, पण ती हलली नाही, आणि जळगावपर्यंत झळा आत येत राहिल्या.