रतनचा तुंबा

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी भुताखेतांची पोथी वाचणारी बाई नाही. माझे वडील नंदुरबारला शिंपीकाम करायचे. घरात देव होते, पण अंगारे-धुपारे नव्हते. कुणाच्या अंगात आलं की आमची आई म्हणायची, "हिला आधी दोन भाकरी खाऊ घाला." मीही तशीच. या सदरातले निम्मे अनुभव वाचून मी हसते, आणि संपादकांनी राग मानू नये, पण ते हसण्यासारखेच असतात. माझा मात्र हसण्यासारखा नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं आता कुणालाच आठवत नाहीत, म्हणून लिहितेय.

साठच्या आसपासची गोष्ट. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळं धुळ्यात. सातवी पास होऊन मी शहाद्याच्या बाजूला, तापीकाठच्या एका गावात सून म्हणून गेले. नाव नको गावाचं. गुजरांची वस्ती, केळी-ऊस-कापसाची शेती, घरात खाऊन-पिऊन सुख. घर मातीचं, वर धाबं — म्हणजे लाकडी खांबांवर मातीचं सपाट छत.

पहिल्याच दिवशी माझी नजर गेली ती आढ्याला. तिथे खुंट्यांवर ओळीने वाळलेले मोठे भोपळे टांगलेले. मी मनात म्हटलं, ही माणसं भोपळे खातात की पूजतात?

ते तुंबे. पुरात पोटाला बांधायचे. घरात जितकी माणसं तितके तुंबे, आणि ज्याचा त्याला. मूल जन्मलं की त्याच्या नावाचा वेल लावायचा, सून आली की तिलाही एक तुंबा. माणूस गेलं की त्याचा तुंबा दहाव्याला तापीत सोडून द्यायचा. मेलेल्याचा तुंबा घरात ठेवायचा नाही, नदी मागायला येते म्हणे. बाकी तयारी वेगळीच. आखाडातच ज्वारी माळ्यावर चढायची, काड्यापेट्या डब्यात बंद व्हायच्या आणि बैलांची गाठ अशी मारायची की एका हिसक्यात सुटावी. हे सगळं करवून घ्यायची माझी सासू, जीजी. पाच फूटसुद्धा उंच नसेल, पण आवाज असा की गोठ्यातला बैल उभा राहायचा.

"नदी पुढून दिसस," जीजी म्हणायची, "पन येस मागून." म्हणजे पाणी समोरून येताना आपण बघत बसतो, आणि ते गावामागच्या नाल्यातून चढून वाट बंद करतं.

मी गेले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात माझा धाकटा दीर रतन तापाने गेला. अठरा वर्षांचा. मला "वहिनी, तुम्ही शहरवाल्या" म्हणून चिडवायचा, आणि मीही त्याला सोडायची नाही. त्याच्या तुंब्याला चीर गेली होती, ती त्याने लाखेने सांधलेली, वर अंगठ्याचा ठसा उमटलेला. दहाव्याला तुंबा नदीत सोडायचं काम जीजीने अंगावर घेतलं. एकटी गेली आणि हात हलवत परत आली. सोडला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझी मुलगी तान्ही होती, पाच-सहा महिन्यांची. तिच्या नावाचा वेल परसात लावलेला, त्याला मुठीएवढी फळं धरलेली. म्हणजे घरात एकटी तीच बिनतुंब्याची. हे मला तेव्हा काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मी ते खूळच समजत होते.

भाद्रपदात पाणी चढलं. आमच्याकडे पाऊस नाही, लख्ख ऊन पडलेलं, आणि नदी मात्र लाल होऊन फुगत चाललेली. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, बैल बघायला म्हसावदला गेलेले. सकाळी गावच्या बायांनी रिवाजाप्रमाणे तापीमायची ओटी भरली — खण, नारळ, तांदूळ. आता त्या गावात एक समज होता. ओटी भरली की नदी म्हणजे घरी आलेली लेक. तिच्यादेखत कुणी बोचकी बांधून पळायचं नाही, अपमान होतो. ज्या गावाने एवढी तयारी करायची, त्यानेच ऐन वेळी हातपाय बांधून बसायचं! तरी वाण्यांची दोन-चार घरं मारुतीच्या टेकाडावर गेली. त्यांना नावं ठेवणारे खाली राहिले.

माझे सासरे, आबा, राहणाऱ्यांत पहिले. माळ्यावर ज्वारी सारखी करायला चढले आणि पोत्यांमागे त्यांना रतनचा तुंबा सापडला. जीजीने तो लपवून ठेवलेला.

"तू याडी व्हई गयी का?" आबा ओरडले. "जे नदीनं शे ते नदीले देवानं! म्हनीसन चढी ऱ्हायनी ती!" मेलेल्याचा तुंबा घरात राहिला म्हणूनच नदी चढतेय, असं त्यांचं म्हणणं.

 जीजीने नुसता हात पुढे केला, परत मागत. आबांनी दिला नाही. ते घाटावर गेले, मी मुलीला कडेवर घेऊन मागोमाग, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी तुंबा धारेत भिरकावला. तो एकदा बुडाला, वर आला, आणि वाहत्या झाडांबरोबर वळणाआड गेला. मी स्वतः पाहिलंय हो... या डोळ्यांनी.

आबा निवांत झाले. "आते उतरी माय," म्हणाले आणि पारावर जाऊन बसले.

दुपारी जीजी आणि मी चुलीपुढे. ती थापतेय, मी शेकतेय, पोर झोळीत. दार एकच आणि ते आमच्यासमोर. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. इतक्यात माझ्या मानेवर थेंब पडला. मला वाटलं पाल. मग दुसरा पडला. हात लावला तर गढूळ पाणी, रेती लागणारं.

वर पाहिलं. रतनच्या रिकाम्या खुंटीवर तुंबा लटकत होता. ओलाचिंब. लाखेचा सांधा, त्यावर अंगठ्याचा ठसा. शेजारचे तुंबे कोरडे ठणठणीत.

माझ्या हातातली भाकरी चुलीत पडली.  जीजीने मात्र वर पाहिलं आणि तिचा चेहरा... कसं सांगू, पोर शाळेतून आल्यावर आईचा होतो तसा झाला. क्षणभरच. मग ती उठली.

"रतन उना. आपले लेवाले उना. उठ वं!" रतन आपल्याला न्यायला आलाय, म्हणत होती ती.

तिने चुलीत पाणी ओतलं, तुंबा उतरवला आणि माझ्या मुलीच्या छातीला बांधला. माझा मला दिला. पारावर जाऊन आबांना हाक मारली. आबांनी तुंबा पाहिला, पांढरे पडले, पण उठले नाहीत. चार माणसांत बसलेले ना!

"मायनी ओटी भरी दिधी," एवढंच म्हणाले. "आते घर सोडं तं तिले काय वाटी?"

"तिले काय वाटी ते ऱ्हाऊ दे! मले काय वाटी?" जीजी रडतच किंचाळली. तिला रडताना मी रतनच्या वेळीही पाहिलं नव्हतं. ती तशीच आम्हाला घेऊन निघाली.

गावामागचा नाला सकाळी घोट्याएवढा होता. आता छातीला लागत होता, आणि उलटा वाहत होता, नदीकडून गावाकडे. पलीकडून टेकाडावरच्या माणसांनी दोर टाकला. जीजीने तो माझ्या कमरेला बांधला.

"तुम्ही?" मी विचारलं.

"मन्हा तुंबा घर ऱ्हायना. त्यान्हाबी. तू चाल, मी त्याले लई येस."

"जीजी, नका जाऊ..."

"चाल म्हनं ना! पोर भिजी ऱ्हायनी." आणि ती आबांना आणायला वळली.

मधोमध माझा पाय सुटला. मी खाली गेले, पोर हातातून निसटली. वर आले तेव्हा ती पाण्यावर होती, रतनच्या तुंब्यावर उताणी, टाहो फोडत. तुंब्याची दोरी मी दातांत धरली. दोर ओढणाऱ्यांनी आम्हा दोघींना काठाला आणलं. तो तुंबा नसता तर आज माझी लेक नसती, यात मला काडीचाही संशय नाही.

टेकाडावरून मी आमच्या घराकडे बघत बसले. उन्हात सगळं स्वच्छ दिसत होतं. जीजी आबांचा दंड धरून त्यांना घरात नेताना दिसली, बहुतेक तुंबे घ्यायलाच. तोवर पाणी भिंतींना लागलं होतं. भिजलेल्या भिंतींवर धाब्याचं ओझं, घर खालीच बसलं. चहूकडे पाणी आणि मधोमध धुळीचा लोट उठला. पुरात धूळ उडताना तुम्ही पाहिली नसेल. मला ती अजून दिसते.

पाणी ओसरल्यावर दोघं एकाच खांबापाशी सापडली. आबांच्या पोटाला तुंबा नीट बांधलेला. जीजीचा तिच्या हातात. आधी त्यांना बांधत होती.

पुढे लोकांनी मला नाना तऱ्हांनी समजावलं. भोवऱ्याने तुंबा घाटाला आला असेल, कुणी पोराने आणून टांगला असेल. अहो, पण एकुलत्या एका दारासमोर आम्ही बसलेल्या असताना? जीजीकडे तसाच दुसरा असेल, असंही कुणी म्हणालं. मग लाखेतला अंगठा? मी पुष्कळ डोकं चालवलं, लॉजिक लावून बघितलं. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि आता या वयात ते मिळेल असंही वाटत नाही.

दहाव्याला मी आबांचा आणि रतनचा तुंबा तापीत सोडला. रतनचा यावेळी परत आला नाही. जीजीचा मात्र माझ्याने सोडवेना.

तो आजही माझ्याकडे आहे. लेकीच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, माझ्या कॉटवरच्या खिळ्याला. नातवंडं हसतात, हसू देत. भाद्रपद लागला की मी रोज त्याला हात लावून बघते. कोरडा असतो. चांगलंच आहे म्हणा, म्हणजे घरावर काही येत नाहीये. पण हात मागे घेताना दर वेळी जीव कळवळतो माझा... जीजी, तुम्ही मुलाच्या हाकेला उठलात. मला एक हाक मारा ना.