सायलीची ॲलर्जी, माझा नायटा

काकींनी माझी बाही दंडापर्यंत वर केली आणि आईला चट्टा दाखवला.

"नायटा आहे हिला. आमच्या कपड्यांना दोघींनीही हात लावायचा नाही. उद्यापासून येऊ नकोस, मंगल."

"वैनी, पोरीला घरी ठेवते की. माझं काम नका काढू."

मी नववीत होते. आई उचगावहून कोल्हापुरात या काकींच्या बंगल्यावर कपडे धुवायला जायची. रविवारी मीही. त्यांची मुलगी सायली माझ्याच वर्गात. महिन्याभरापूर्वी तिच्या मानेवर असाच चट्टा उठला होता. गोल, कड लाल, मध्ये कोरडा. काकी सगळ्यांना सांगायच्या, ॲलर्जी आहे. तिला स्किनचे डॉक्टर, गोळ्या, ट्यूब, वेगळा टॉवेल. तो टॉवेल मीच उन्हात वाळत घालायचे.

आमच्या घरी पाच माणसांत एक पंचा. कायम ओलसर. मला त्या टॉवेलचा हेवा वाटायचा. तिच्या चट्ट्याचाही वाटायचा. तिला कुणी कधी घाण म्हटलं नाही.

त्याच दिवसांत तिचा जुना टी-शर्ट काकींनी मला दिला. मी तो न धुताच घातला. तिच्यासारखा वास येत होता म्हणून.

काकी आतून अर्धी ट्यूब घेऊन आल्या. "ही लाव. सायलीची उरलीय."

सायली मागे उभी होती. मान खाजवत.

मी म्हटलं, "काकी, उरली कशी? चट्टा गेल्यावरही लावायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सायलीच म्हणाली, खाज थांबली, आता कोण लावत बसतंय. तिची मान बघा."

"गप गं," आई म्हणाली.

काकींनी मान बघितली नाही. मी ट्यूब पायरीवर ठेवली. काम गेलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना तपासलं. ज्यांना ज्यांना होतं त्यांना औषध दिलं, आणि प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवायला सांगितलं. आईने सुती लुगडं फाडून पाच तुकडे केले. त्या बाईंचे उपकार मी विसरले नाही. काम गेल्यावरही आईने माझी शाळा सोडवली नाही, तेही विसरले नाही.

आज मी पेठ वडगावच्या शाळेत शिकवते. घरातली पहिली पदवीधर. परवा एक पालक आले. "ती नायटेवाली आमच्या पोरीजवळ नको."

मी म्हटलं, "ती आहे तिथंच बसेल. औषध चालू आहे. तुमच्या मुलीलाही तपासून आणा."

ते मुख्याध्यापकांकडे गेले. मला बोलावणं आलंय. सायलीला न मागता जे मिळालं, त्याचा हेवा अजून माझ्या पोटात आहे. ती मुलगी बाकावरून हलणार नाही.