उबवणीघरातला सामाईक आकडा

घरातला मिठाचा डबा जागचा हलला तरी ‘कोण येऊन गेलं?’ म्हणून बायकोची उलटतपासणी घेणारा माणूस म्हणजे ओफोसुहेने. दोर्मा गावच्या उबवणीघरातली यंत्रं पायथॉन भाषेतल्या ज्या संगणक-प्रोग्रामवर चालत, तो त्याने एकट्याने लिहिला होता आणि त्याला कुणाला बोटही लावू दिलं नव्हतं. भरवसा टाकला तो फक्त सेर्वावर. अंडी फिरवणारी ही पोरगी दुपारी फुफूचं, म्हणजे कुटलेल्या कंदांच्या मऊ गोळ्याचं भांडं मध्ये ठेवायची आणि दोघं त्या एकाच भांड्यात हात घालून जेवायची.

मग मोठ्या यंत्रातली ऊब उतरू लागली, पिल्लं कवचातच मरू लागली. तापमानाचा आकडा प्रोग्राममध्ये अगदी वर लिहिलेला होता. सकाळी नीट केला तरी संध्याकाळी पुन्हा खाली! खोलीच्या किल्ल्या दोघांकडेच. ओफोसुहेनेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सेर्वाचा भाऊ पलीकडच्या उबवणीघरात कामाला आहे, हे त्याला नेमकं तेव्हाच आठवलं. तो तडक मालकिणीकडे, कोनादूमावशीकडे गेला.

“मावशी, आतलंच माणूस आहे. सेर्वा.”

“काढून टाकते तिला,” कोनादू म्हणाली. “पण खात्री आहे ना रे तुझी?”

“शंभर टक्के.”

सेर्वाने किल्ली टेबलावर ठेवली. “दादा, एकदा मला विचारायचं तरी!” एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी तो आतून कडी लावून संगणकाच्या पडद्यासमोर बसला. आकडा हलेना. चोर गेला की कसं बरं वाटतं! मग पिल्लं बाहेर पडायच्या बेतात असलेली अंडी त्याने नेहमीप्रमाणे, गेल्या महिन्यात जोडलेल्या धाकट्या यंत्रात ठेवली आणि ते सुरू केलं. अशा अंड्यांना ऊब जरा कमी लागते, म्हणून धाकट्या यंत्राचा आकडा खालचा. पण त्याच्या डोळ्यांदेखत मोठ्या यंत्राचा आकडाही घसरला. खोलीत तर तो एकटाच होता.

धाकटं यंत्र चालवणाऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्यात, त्यानेच पहिल्या ओळीत ‘ग्लोबल’ लिहून ठेवलं होतं, म्हणजे वरचा सामाईक आकडाच बदलायची मुभा. यंत्रं दोन, आकडा एक. त्याने सामाईक आकडा काढून टाकला, प्रत्येक यंत्राला स्वतःचा आकडा दिला, मालकिणीला खरं सांगितलं आणि सेर्वाच्या दारात जाऊन उभा राहिला.

“चूक माझीच होती गं. आता दोन्ही यंत्रांचे आकडे वेगळे केलेत, एकामुळे दुसऱ्याचं बिघडायचं नाही. परत ये.”

ती आली. दुपारी तिने दोन भांडी काढली, एक त्याच्यापुढे सरकवलं आणि आपलं घेऊन खिडकीशी जाऊन बसली.

“हे काय?”

“वेगळंच बरं, दादा. उद्या तुमचं पोट बिघडलं, तर माझं नाव नको.”