बेटाला लागलेला पुण्याचा उन्हाळा

पुण्यात खराडीच्या कार्यालयात आम्ही परदेशांचे नकाशे करत असू. विमानातून टिपलेले छायाचित्र पडद्यावर उघडायचे आणि रंग व पोत पाहून जमिनीची वर्गवारी करायची: जंगल, शेत, कोरडे गवत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडचे एक लहान, निर्मनुष्य बेट माझ्या शेजारी बसणाऱ्या, अकोल्याहून आलेल्या नव्या मुलीला मिळाले. तिने त्याचा तपकिरी मध्यभाग कोरडे गवत म्हणून नोंदवला. ग्राहकाने काम परत पाठवले.

“अहो, बेटाला तळजाईच्या टेकडीचा उन्हाळा लावलात की आपण,” आमचे गटप्रमुख तिला म्हणाले. चूक कोणाची, हे त्यांना अहवालात लिहायचे होते, आणि तिला कायम करण्याचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायचा होता.

चहाच्या वेळी ती म्हणाली, “ताई, नोकरी गेली तर बाबा परत बोलावतील. बी.एड.चा अर्ज आणूनच ठेवलाय त्यांनी.”

मी भूशास्त्र शिकलेली. ते छायाचित्र मी पुन्हा उघडले. कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ होते. खाऱ्या वाऱ्यामुळे झाड एकही नव्हते. आणि त्या तपकिरी पठारावर जागोजाग काळी डबकी साचलेली होती. कोरड्या माळावर इतके पाणी टिकत नाही. हा तपकिरी रंग वाळल्याचा नव्हता, सतत भिजल्याचा होता. थंडीत पुरते न कुजलेले शेवाळ थरावर थर साचून तिथे दलदल झाली होती.

मग आम्हाला वर्गवारी शिकवताना वापरलेली नमुन्याची छायाचित्रे पाहिली. सगळे नमुने पुण्याच्या टेकड्यांचे. तिथे तपकिरी म्हणजे एप्रिल.

मी गटप्रमुखांकडे गेले. “चूक तिची नाही, नमुन्यांची आहे.”

“नमुने मी निवडले होते.”

“म्हणूनच मी आपल्याकडे आले.”

“म्हणजे अहवालात माझं नाव घालू?”

“नमुन्यांचं घाला. त्यांना कुठे कायम व्हायचंय?”

ते हसले नाहीत. पण लिहिले तसेच, आणि बेट पुन्हा तिच्याकडेच दिले. तिने प्रत्येक डबक्याभोवतीची दलदल सावकाश रेखली.

कायम झाल्याचे पत्र मिळाले, तेव्हा ती जिन्यात उभी राहून वडिलांशी फोनवर बोलत होती. नोकरीचे सांगून झाले होते. आता बेटाचे चालले होते.

“नाही हो बाबा,” ती समजावत होती, “तिथं गवत वाळतच नाही.”