सडक्या हेरिंगचा साक्षीदार

ओमुंड होविक खारवलेल्या हेरिंग माशाची प्रत ठरवायचा. पिंपाचं झाकण काढायचं, कोपरापर्यंत हात घालून तळातला मासा वर आणायचा, कण्यापाशी बोट फिरवून वास घ्यायचा, तुकडा चावून थुंकायचा, आणि मग पिंपावर शिक्का मारायचा किंवा मारायचा नाही. हाउगेसुंदच्या धक्क्यावर तीस वर्षं त्याने एवढंच केलं. त्याचा शिक्का दिसला की परमुलखातले व्यापारी पिंप न उघडता माल उचलत.

मग इंग्रज-जर्मनांची लढाई लागली. आम्ही नॉर्वेवाले तटस्थ, म्हणजे दोघांनाही माल विकायला मोकळे. इंग्रजांनी समुद्र अडवला होता, तरी जर्मन आमचा मासा पडेल त्या भावाने नेत होते. तो त्यांच्या पोटात जाऊ नये म्हणून एकोणीसशे सोळा साली इंग्रजांनीच आमच्या किनाऱ्यावरचा जवळजवळ सगळा हेरिंग विकत घ्यायला सुरुवात केली. खायला नव्हे. गोदामात पडून राहावा म्हणून.

हे कळल्यावर आमच्या गावाने लाज गुंडाळून ठेवली. पिंपात डोकी, आतडी, मागच्या वर्षीचा गाळ, आणि वर चांगल्या माशांचे दोन थर. ज्याने कधी होडीत पाय ठेवला नव्हता तो न्हावीसुद्धा हेरिंगचा व्यापारी झाला आणि भरदुपारी शॅम्पेन पिऊ लागला. सगळ्यांत बडा होता लायडर वेस्टबो. कुठल्याशा दूरच्या देशाचा मानद कॉन्सल, म्हणून त्याला कॉन्सलसाहेब म्हणायचं. मी त्याच्याकडे इंग्रजी पत्रं लिहायला होतो. माझ्याही अंगावर नवा कोट होता, हे आधीच सांगून टाकतो.

ओमुंड शिक्का मारीना.

"अहो, ते हे खाणार आहेत का?" कॉन्सल म्हणाला. "मग तुम्हाला चवीची कसली काळजी?"

"खाणार नाहीत, तर शिक्का तरी कशाला हवा?" ओमुंड म्हणाला. "झाकणावर तुमचा फोटो चिकटवा. चालेल त्यांना."

त्या वर्षाच्या शेवटी इंग्रजांचं आणि आमच्या सरकारचं बिनसलं. करार मोडला म्हणून त्यांनी त्यांच्याकडून येणारा आमचा कोळसा बंद केला. घराघरांत शेगड्या थंड पडल्या. राजधानीत, क्रिस्तियानियाला, बोलणी सुरू झाली, आणि त्यांतच गोदामांतल्या माशाचाही वाद निघाला. माल सडलाय, पूर्ण दाम देणार नाही, असं इंग्रज म्हणत होते. माल उत्तम आहे, असं आमचे लोक म्हणत होते. दोघांनाही ज्याचं नाव माहीत आहे असा जाणकार हवा होता. कॉन्सलने ओमुंडला नेलं, दुभाषा म्हणून मला.

ओमुंड आला तो बायकोसाठी. तोरबोर्ग थंड घरात खोकत होती. बोलणी लवकर मिटली तर कोळसा येईल, एवढाच त्याचा हिशेब.

आगगाडीत कॉन्सल त्याला पढवत होता. "एकच वाक्य बोलायचं. माल उन्हाळ्यापर्यंत टिकेल. बस."

ओमुंड खिडकीतून बर्फ बघत राहिला.

बोलणी चालली होती त्या दालनात एक पिंप आणून ठेवलं होतं. ओमुंडने त्याला हातही लावला नाही. "हे निवडून आणलंय," तो म्हणाला. "गोदामातल्या दहा पिंपांपैकी सात सडलीत. हे इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

कॉन्सलने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं, "हे म्हणतात, माल एकंदरीत उन्हाळ्यापर्यंत टिकेल."

ओमुंड तरुणपणी चार वर्षं इंग्रजांच्या कोळशाच्या जहाजावर होता. हे ना कॉन्सलला माहीत, ना मला. त्याने माझ्याकडे पाहिलं, पायाखाली काही चिकटलं असावं तसं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःच म्हणाला, "सडलीत. दहांत सात."

समोरच्या इंग्रज अधिकाऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. "आम्हाला माहीत आहे," तो सौम्यपणे म्हणाला. "पण असं इथे बोलत नाहीत." मग चहा आला. अर्ध्या तासात त्यांनी आपसात भाव ठरवला. ओमुंडचं बोलणं कुणी टिपून घेतलं नाही. इतिवृत्ताची आमच्या भाषेतली प्रत मी लिहिली: तज्ज्ञाने अनुकूल मत दिले.

तरी गावात परतल्यावर कॉन्सलने उठवलं की होविकच्या जिभेमुळे कोळसा अडला. खरं तर कोळसा अडला होता जर्मनांना जाणाऱ्या तांब्याच्या खनिजावरून. माशाशी त्याचा संबंध नव्हता. फेब्रुवारीत तो आलाही. पण तोवर ओमुंडची खिडकी फुटली होती, शिक्क्याचा परवाना गेला होता, आणि कालपर्यंत त्याच्यापुढे टोपी काढून वाकणारे त्याच्या दारापुढे थुंकत होते. तोरबोर्गने जुनी पिंपं फोडून शेगडीत घातली आणि हिवाळा काढला.

अठरा साली पिठाला शिधापत्रिका आल्या. तेव्हा आमच्या शहाण्या गावाला आठवलं की गोदामांत इंग्रजांनी तसाच सोडलेला मासा आहे. त्यातला खाण्याजोगा कोण निवडणार? मी तोवर नगरपालिकेत कारकून झालो होतो; तिने मला ओमुंडच्या घरी धाडलं.

"ओमुंडकाका, नगरपालिकेने विचारलंय..."

"काय विचारलंय ते जसंच्या तसं सांग," तो म्हणाला. "तुला जमतं का बघू."

मी सांगितलं. तो कोट चढवून निघाला. बारा दिवस त्या दुर्गंधीत उभा राहून त्याने एकेक पिंप उघडलं. चांगलं ते सार्वजनिक स्वयंपाकघराकडे, बाकी तेलाच्या कारखान्याकडे. थुंकणारे भांडी घेऊन रांगेत आले. कॉन्सलची स्वयंपाकीणही आली. साहेबांसाठी जरा मोठे मासे बघा म्हणाली. "साहेबांचे मोठे मासे कारखान्यात गेले," ओमुंड म्हणाला आणि तिला इतरांएवढेच दिले.

लढाईनंतर कॉन्सलचं दिवाळं वाजलं आणि तो बर्गनला पळाला. ओमुंडला परवाना परत मिळाला. परवाना देणाऱ्या पत्राचा मसुदा माझा होता. त्यात मी दिलगिरीचा एक शब्द घातला होता. नगरपालिकेने तो खोडला आणि मी गप्प बसलो. ओमुंड आणखी पाच वर्षं धक्क्यावर होता. मी समोरून आलो की टोपीला हात लावायचा. बोलायचा नाही.