पंधराव्या वर्षीचा होकार

मी पाच फूट दोन इंच, नवरा माझ्यापेक्षा जेमतेम कपाळभर वर, आणि मुलगी मात्र आठवीपासून दाराच्या चौकटीपासून डोकं सांभाळत घरात फिरू लागली. सासूबाई नाशिकहून दर फोनला विचारायच्या, "थांबली का गं?" म्हणजे ताप नव्हे, वाढ. दर इंचागणिक तिच्यासाठी जगातली मुलं कमी होताहेत, अशी त्यांची समजूत होती.

आम्ही सौदीत अबकैकला राहतो. नवरा तेलाच्या प्लांटमध्ये इंजिनिअर, घर कंपनीच्या कंपाउंडमध्ये. मुलगी तिथल्या जिममध्ये जायला लागली ती बास्केटबॉलच्या प्रेमापोटी नव्हे. शाळेत तिला 'टॉवर क्रेन' म्हणायचे, आणि जिममध्ये तिच्या उंचीकडे बघून कुणीतरी खूश होत होतं. हे कुणीतरी म्हणजे आमची शेजारीण, एका अमेरिकन इंजिनिअरची बायको. तरुणपणी कॉलेजच्या संघातून खेळलेली. संध्याकाळी ती मुलींना शिकवायची. तिचा आवाज आणि प्लांटचा सायरन यांतला फरक कळायला मला बरेच दिवस लागले.

मुलगी दहावीत असताना शेजारीण एकदा घरी आली, चिवडा खाल्ला आणि म्हणाली, "मी हिच्या खेळाचे व्हिडिओ माझ्या मैत्रिणीला पाठवलेत. ती अमेरिकेत एका कॉलेजची कोच आहे. तिला तुमच्याशी बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"शाळा संपल्यावर हिने तिच्याकडे खेळायला यावं, म्हणून."

"अहो, ती दहावीत आहे."

"हो ना," ती गंभीरपणे म्हणाली. "थोडा उशीरच झालाय."

व्हिडिओ कॉलसाठी नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला. कोच हसतमुख होती. तिने मुलीला अभ्यासाबद्दल विचारलं, गुडघ्यांबद्दल विचारलं, आणि मग आम्हाला म्हणाली, "तुम्ही दोघं जरा उभे राहता का?"

तिकडची काहीतरी रीत असेल असं वाटून आम्ही उभे राहिलो. ती स्क्रीनकडे बघत राहिली.

"उभे आहात ना?"

"उभेच आहोत," नवरा म्हणाला. हा माणूस कधी दुखावला जात नाही, त्या दिवशी दुखावला गेला.

मी घाईघाईने माझ्या भावाची माहिती दिली. तो सव्वासहा फूट आहे, बल्ब बदलायला स्टूल लागत नाही. कोचचा चेहरा उजळला. कोरड्या विहिरीला पाणी लागावं तसा माझा भाऊ कामी आला. मग ती मुलीला म्हणाली, की आम्हाला तू हवी आहेस, बारावीनंतर संघात जागा आणि शिष्यवृत्ती आम्ही देऊ. विचार करायला हवा तेवढा वेळ घे.

मुलीने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "येस," ती म्हणाली. "आय कमिट."

मोबाइलचं कव्हर घ्यायला आठवडा लावणारा तिचा बाप पाण्याचा ग्लास हातात धरून बसला होता. कॉल संपल्यावर त्याने विचारलं, "कागद कधी येणार?"

"कागद नसतो बाबा. व्हर्बल असतं."

"म्हणजे ते बांधले गेले?"

"नाही."

"मग तू?"

"मी पण नाही."

"मग आत्ता आपण केलं काय?"

मला त्याचं वाईट वाटलं. इथे इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवल्याशिवाय सिमकार्ड मिळत नाही, आणि त्याच्या मुलीचं आयुष्य एका शब्दावर ठरलं होतं. सासूबाईंना मात्र सगळं झटकन समजलं. "म्हणजे बोलणी झाली, सुपारी फुटायची आहे," त्या फोनवर म्हणाल्या. "मुलगी पाहिली, आईबापाला उभं करून पाहिलं. आता राहिलं काय?"

पुढचे काही महिने आम्ही कंपाउंडमधले मानकरी होतो. शेजारणीने केक आणला, त्यावर बास्केटबॉल होता. निदान तिने तसं सांगितलं, मला तो भोपळा वाटला. त्या कॉलेजचा जाड हुडी मुलीने भर उन्हाळ्यात अंगावरून काढला नाही. एक बाई खोदून खोदून विचारत होती, तुम्ही हिला खायला काय घालता. मी वरणभात म्हटलं, तर मी काहीतरी लपवतेय अशा नजरेने बघून गेली. मीही काही कमी नव्हते. जवळच्या खोबर शहरातल्या मॉलमध्ये जाऊन मी थंडीचे मोजे घेतले, दोन वर्षं आधी.

अकरावी संपता संपता आम्ही त्याच खोबरहून परत येत होतो. मागच्या सीटवर मोबाइल बघता बघता मुलगी म्हणाली, "कोच गेली."

"अरे देवा. कशाने?"

"दुसऱ्या कॉलेजमध्ये गेली, मम्मा. तिकडे मोठा संघ आहे."

आधी मला हायसं वाटलं. आरशात मुलीचा चेहरा पाहिल्यावर ते गेलं.

नव्या कोचने बऱ्याच मेसेजनंतर कॉल केला. तिने मुलीच्या मार्कांची स्तुती केली, शुभेच्छा दिल्या, आम्ही आता संघ वेगळ्या पद्धतीने बांधतोय म्हणाली.

"म्हणजे नाही ना?" मुलीने विचारलं.

बाई पुन्हा स्तुतीकडे वळली.

"म्हणजे नाही," मुलगी म्हणाली आणि तिनेच कॉल बंद केला.

मग ती जिमला जाईना. सोफ्यावर पडून राहायची, पाय सोफ्याबाहेर लोंबकळत. शेजारीण आली ती कधी नव्हे ते हळू बोलत आली. मुलगी तिला म्हणाली, "तुमची मैत्रीण खोटं बोलली."

"खोटं नाही बोलली. त्या दिवशी तिला तू खरंच हवी होतीस."

"मलाही ते खरंच हवं होतं. मला कुणी दुसरी नोकरी दिली नाही."

मी चहा ठेवला.

नवऱ्याला 'मी तेव्हाच कागद मागत होतो' म्हणायची आयती संधी होती. तो म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी प्लांटवरून आला, बूट बदलले आणि मुलीला म्हणाला, "चल, मी बॉल आणून देतो, तू मार." त्याला बॉल झेलता येत नाही हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. पहिल्याच पासला चष्मा वाकडा करून घेतला. मुलगी सॉरी म्हणत म्हणत हसायला लागली आणि हसता हसता रडली. तो चष्मा सरळ करत तिथेच उभा राहिला, "टाक, टाक" म्हणत. उन्हाळाभर दोघं जात होते. त्याचं झेलणं काही सुधारलं नाही.

बारावीत शेजारणीने पुन्हा व्हिडिओ पाठवले, या वेळी बऱ्याच ठिकाणी. एका लहानशा कॉलेजच्या कोचचा कॉल आला. त्याने आपल्या संघाबद्दल भरभरून सांगितलं. त्याचं आटपल्यावर मुलीने विचारलं, "तुम्ही तिथे किती वर्षं राहणार?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. माझ्या बायकोला इथला बर्फ आवडत नाही."

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "मेकॅनिकलची लॅब कशी आहे? आणि शाकाहारी जेवण मिळतं का?"

लॅबची चौकशी करून सांगतो म्हणाला. जेवणात सॅलड मिळेल, हे त्याने जरा ओशाळून सांगितलं. मुलीने त्याला "विचार करून कळवते" असं सांगितलं, तेव्हा नवऱ्याने टेबलाखाली माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. लॅबमधल्या प्राध्यापकांशी ती स्वतः बोलली आणि मगच होकार दिला. या वेळी सहीचा कागद आला. नवऱ्याने तो इतका वाचला की त्यातल्या टायपिंगच्या चुका त्याने कॉलेजला कळवल्या.

आता ती पहिल्या वर्षाला आहे आणि बहुतेक वेळ बाकावर बसते. सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्यात. शुक्रवारी सकाळी पोहे झाले की आम्ही तिच्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावतो.

"बसवून का ठेवलंय पोरीला?" सासूबाई विचारतात. "काही केलं का तिने?"

गेल्या सामन्यात तिला शेवटी थोडा वेळ उतरवलं. एक बॉल जाळीत गेला, दुसरा प्रेक्षकांत. मग समोरच्या दांडगट मुलीने तिला आडवं केलं. ती उठली, शॉर्ट्स झटकली आणि काहीतरी पुटपुटली. ही मुलगी माझ्याशी निम्मं इंग्रजी बोलते, पण ओठांची ती हालचाल मी कुठेही ओळखली असती. अस्सल नाशिकची शिवी होती, आणि काहीच न कळलेली बिचारी रेफरी मान डोलावत होती.

नवऱ्याने घाईने रिमोट शोधला. सासूबाई चष्मा वर सरकवून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हे तुझ्या माहेरचं."