राखणदारांचा चहा

दवाखान्याच्या बाकावर आम्ही शेजारी, दोघांचेही हात प्लास्टरमध्ये. त्या गिरीज गावच्या केळीच्या वाडीवाल्या मावशी, मी आचोळ्याचा कारकून. हाड जुळेल ना, या काळजीने माझा चेहरा उतरलेला. डॉक्टर म्हणाले, "हाडातल्या मज्जेत रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. हाडाची डागडुजी करायलाही त्या मदत करतात."

मावशी खूश झाल्या. "म्हंजे आमच्या वाडीचा राखनदारच. चोर पन हाकलतो, मोडलेलं कुंपन पन बांधतो."

बाहेर टपरीवर त्यांनी एक चहा संपवून लगेच दुसरा घेतला. मी बघत राहिलो, तशी प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाल्या, "मानसं कामावर असली की चहा द्यावा लागतो. हा त्यांचा."

माझं हाड केव्हाच जुळलं. माझ्या दुसऱ्या चहावरून बायको अजून टोकते. मी म्हणतो, माझा मघाशीच झाला.